वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पहिल्यांदा जाताना: युनिट, वार आणि कागद

परळचे केईएम, भायखळ्याचे जे. जे., पुण्याचे ससून, नागपूरचे मेडिकल, छत्रपती संभाजीनगरची घाटी किंवा मिरजेचे सिव्हिल यांपैकी कोणत्याही रुग्णालयात पहिल्यांदा जाणारा माणूस गर्दीपेक्षा तिथल्या रीतीने अधिक गोंधळतो. जिल्हा रुग्णालयात किंवा गावातल्या खासगी दवाखान्यात ज्या सवयी लागलेल्या असतात त्या इथे उपयोगी पडत नाहीत, कारण ही रुग्णालये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत आणि त्यांची सारी रचना शिक्षणाभोवती उभी आहे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. यांची जोडी १८४५पासून आहे, तर केईएम आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय १९२६पासून एकत्र चालत आले आहेत. आज राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांच्या पदव्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या असतात, म्हणून या अर्थाने ही विद्यापीठीय रुग्णालये होत. पुढील लेख अशा रुग्णालयात नव्याने जाणाऱ्या रुग्णासाठी आणि त्याहूनही अधिक त्याच्यासोबत धावपळ करणाऱ्या नातेवाइकासाठी आहे.

घरून निघण्यापूर्वी

पहिला प्रश्न असा की, तिथे जाण्याची खरोखर गरज आहे का. साधा ताप, रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्या, गरोदरपणातली नियमित तपासणी किंवा कुत्रा चावल्यानंतरची लस यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, नागरी आरोग्य केंद्र किंवा महापालिकेचा दवाखाना पुरेसा असतो आणि तिथे वेळही कमी जातो. निदान होत नसेल, मोठी शस्त्रक्रिया सांगितली असेल, किंवा हृदय, मूत्रपिंड, मेंदू, कर्करोग अशा विशेष विभागाची गरज असेल, तर मात्र मोठ्या रुग्णालयाकडे वळावे. स्थानिक डॉक्टरांची चिठ्ठी सक्तीची नसली तरी ती अवश्य घ्यावी, कारण त्या चार ओळींमुळे तपासणाऱ्या डॉक्टरांना सुरुवात कुठून करायची ते कळते.

पिशवीत काय न्यावे, याचे उत्तर सोपे आहे: जुने सर्व कागद, तारखेच्या क्रमाने लावलेले. एक्स-रे, सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनच्या केवळ अहवालावर न थांबता मूळ फिल्मही न्याव्यात, कारण शस्त्रक्रिया विभागातले डॉक्टर फिल्म स्वतः पाहिल्याशिवाय मत देत नाहीत. चालू गोळ्यांची नावे पाठ नसतील तर रिकामी पाकिटे न्यावीत. आजार केव्हा सुरू झाला, आधी कुठे दाखवले, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे, हे अर्ध्या पानावर लिहून न्यावे, कारण तेच प्रश्न निरनिराळे डॉक्टर पुन्हा पुन्हा विचारणार आहेत आणि प्रत्येक वेळी उत्तर बदलले तर निदानाची दिशाही बदलू शकते. आधार कार्ड आणि शिधापत्रिका यांच्या मूळ प्रती व झेरॉक्स सोबत असाव्यात.

केसपेपर

बाह्यरुग्ण विभाग, म्हणजे सगळे म्हणतात ती ओपीडी, सकाळी सुरू होते, आणि नव्या नोंदणीची खिडकी तपासणी संपण्याच्या बऱ्याच आधी बंद होते. म्हणून बाहेरगावाहून येणाऱ्याने शक्यतो आदल्या रात्री शहरात पोहोचावे. अनेक रुग्णालयांत आता आभा खात्याच्या, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य ओळखीच्या, आधारे क्यूआर कोड स्कॅन करून नोंदणी करता येते. मोबाइलवर चौदा अंकी आभा क्रमांक आधीच काढून ठेवला असेल तर लांब रांगेतला बराचसा वेळ वाचतो.

केसपेपर काढताना एका गोष्टीकडे बारकाईने लक्ष द्यावे, ती म्हणजे नावाचे स्पेलिंग आणि वय. आधार कार्डावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे आणि केसपेपरवर घाईत सांगितलेले घरगुती तिसरे, असे झाले की त्या दिवशी काहीच अडत नाही. महिन्याभराने योजनेतून शस्त्रक्रियेची मंजुरी मागताना मात्र सारे अडते. खिडकीवर असतानाच छापलेला कागद वाचून घ्यावा आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्यावी.

कोणत्या विभागात जायचे हे ठाऊक नसेल तर लक्षण सांगावे, विभाग खिडकीवरचे कर्मचारी किंवा चौकशी कक्ष ठरवील. बहुतेक वेळा सुरुवात मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, स्त्रीरोग अशा मूळ विभागातून होते आणि तेथून गरजेप्रमाणे हृदयरोग किंवा मूत्ररोग यांसारख्या अतिविशेष विभागाकडे पाठवले जाते. या अतिविशेष ओपीडी रोज नसतात. त्यांचे वार ठरलेले असतात आणि ते फलकावर लिहिलेले असतात. फलकाचा फोटो काढून ठेवावा.

युनिट म्हणजे काय

ज्याला या रुग्णालयातले एकच तत्त्व समजून घ्यायचे असेल, त्याने हे समजून घ्यावे. येथे रुग्ण एका डॉक्टरचा नसतो, तो एका युनिटचा असतो. मेडिसिन किंवा सर्जरीसारखा मोठा विभाग अनेक युनिटांत वाटलेला असतो. प्रत्येक युनिटचे प्रमुख एक प्राध्यापक किंवा ज्येष्ठ सहयोगी प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखाली सहायक प्राध्यापक, सीनिअर रेसिडेंट आणि एमडी किंवा एमएस करणारे ज्युनिअर रेसिडेंट असतात. पदव्युत्तर शिक्षण तीन वर्षांचे असल्यामुळे या ज्युनिअर रेसिडेंटांना जेआर वन, जेआर टू आणि जेआर थ्री असे म्हटले जाते. त्यांच्याही खाली, एमबीबीएसची अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन सक्तीचे एक वर्ष पूर्ण करणारे इंटर्न असतात.

प्रत्येक युनिटचा आठवडा ठरलेला असतो: एका वारी ओपीडी, एका वारी इमर्जन्सी, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या विभागांत एक किंवा दोन वारी ओटी, म्हणजे शस्त्रक्रियागृहाचा दिवस. सोमवारी ओपीडीत गेलेला रुग्ण सोमवारच्या युनिटचा होतो. मंगळवारी रात्री अपघात विभागातून दाखल झालेला रुग्ण मंगळवारी इमर्जन्सी असलेल्या युनिटचा होतो. पुढची प्रत्येक तपासणी, प्रत्येक शस्त्रक्रियेची तारीख आणि घरी गेल्यानंतरची प्रत्येक फेरी त्याच युनिटकडे होते. सोमवारचा रुग्ण गुरुवारी आला तर त्याला बहुधा ‘तुमच्या युनिटच्या दिवशी या’ असे सांगितले जाते. दोनशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला हे क्रूर वाटते, आणि ते तसे आहेही. पण त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे, कारण गुरुवारच्या युनिटला या रुग्णाचे पोट कुणी उघडले, आत काय सापडले आणि पुढे काय ठरले होते, यातले काहीच माहीत नसते.

म्हणून केसपेपर हातात आला की त्यावर युनिटचा क्रमांक किंवा युनिटप्रमुखांचे नाव शोधावे. ते नसेल तर ओपीडीतून निघण्यापूर्वी रेसिडेंट डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘डॉक्टर, आमचं युनिट कोणतं, आणि पुन्हा कोणत्या वारी यायचं?’ हे उत्तर कागदावर स्वतः लिहून ठेवावे. बाकी सर्व विसरले तरी हे विसरू नये.

तातडीच्या वेळी

अपघात, छातीत दुखणे, अचानक आलेला लकवा, सर्पदंश, विषबाधा किंवा श्वास लागणे अशा वेळी केसपेपरच्या रांगेत उभे राहू नये; थेट अपघात विभाग गाठावा. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका विनामूल्य असते, आणि तिच्यातील डॉक्टर वाटेतच उपचार सुरू करतात. तिथे पहिली भेट आकस्मिक विभागाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांशी, म्हणजे सीएमओंशी, होते. ते रुग्ण पाहून संबंधित विभागाच्या त्या दिवशीच्या युनिटला बोलावतात, ज्याला ‘कॉल पाठवणे’ म्हणतात. एकाच रुग्णासाठी सर्जरी, अस्थिरोग आणि न्यूरोसर्जरी असे तीन कॉल गेले असतील, तर तिन्ही विभागांची मते येईपर्यंत वेळ लागतो. या वेळात नातेवाइकाने दर दहा मिनिटांनी ‘कधी बघणार’ असे विचारण्यापेक्षा ‘कोणत्या विभागाचा कॉल बाकी आहे’ असे विचारावे. या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

अपघात, भाजणे, मारहाण, विषबाधा अशा प्रकरणांची पोलीस नोंद होते, तिला एमएलसी म्हणतात. ही नोंद रुग्णावर संशय म्हणून होत नाही, आणि पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत. जखमी माणसाचा जीव वाचवण्याला कायदेशीर सोपस्कारांपेक्षा अग्रक्रम आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९मध्ये परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुढे विमा किंवा अपघाताची भरपाई मागायची असेल तर हाच एमएलसी क्रमांक लागतो, म्हणून तो टिपून ठेवावा.

खाट रिकामी नसल्याचे ऐकावे लागू शकते, आणि दाखल झाल्यावर जमिनीवरची गादी मिळू शकते. अतिदक्षता विभागात जागा नसेल आणि रुग्ण इतरत्र न्यायचा असेल, तर आपल्या मनाने गाडी बोलावू नये. युनिटच्या डॉक्टरांकडून संदर्भचिठ्ठी घ्यावी आणि जिथे न्यायचे तिथे खाट आहे याची खात्री करून घ्यावी. धर्मादाय न्यासांच्या मोठ्या खासगी रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात, ही माहिती अशा वेळी उपयोगी पडते. डॉक्टरांचा सल्ला डावलून सही करून रुग्ण नेणे, म्हणजे ‘डामा’ घेणे, हा शेवटचा पर्याय मानावा.

वॉर्डात कोणाला काय विचारावे

दाखल झाल्यावर पहिल्याच दिवशी तीन माणसे ओळखून घ्यावीत: युनिटचे जेआर, वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर आणि वॉर्डातल्या मावशी किंवा मामा. रक्ताचे नमुने, तपासण्यांचे फॉर्म, ड्रेसिंग आणि औषधांची पुनर्लेखने यांतला मोठा भाग पहिल्या वर्षाच्या जेआरकडे असतो. तो अनेकदा आदल्या दिवसापासून झोपलेला नसतो, आणि त्याच्याशी बोलताना हे ध्यानात ठेवले तर संवाद बराच सुकर होतो. मात्र शस्त्रक्रिया करायची की नाही, कोणत्या पद्धतीची आणि तिचे धोके काय, हे प्रश्न त्याला विचारून उपयोग नसतो, कारण तो निर्णय राऊंडला ठरतो.

राऊंड हा वॉर्डाचा सर्वांत महत्त्वाचा वेळ आहे. युनिटप्रमुख सर किंवा मॅडम त्या वेळी खाटेपाशी येतात, जेआर रुग्णाची माहिती सांगतो आणि पुढची दिशा ठरते. राऊंडच्या वेळी बहुतेक नातेवाइकांना बाहेर काढले जाते. म्हणून रुग्णाला स्वतः बोलता येत असेल तर दोनच प्रश्न त्याच्याकडून पाठ करून घ्यावेत, नाहीतर राऊंड संपताच सीनिअर रेसिडेंटांना गाठावे. प्रश्न आधीच लिहून ठेवलेले असावेत. ‘आजार काय आहे’ या मोघम प्रश्नापेक्षा ‘आज कोणती तपासणी व्हायची आहे, तिचा अहवाल कोण आणणार आणि त्यावर काय ठरणार’ हा प्रश्न अधिक फलदायी असतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांचे फिटनेस, म्हणजे रुग्ण भूल सोसेल याची तपासणी, झाले का, रक्ताचे क्रॉसमॅच, म्हणजे द्यायचे रक्त जुळते का याची चाचणी, झाले का, आणि उपाशी केव्हापासून राहायचे, या तीन गोष्टी आदल्या दिवशीच विचाराव्यात. ओटीची यादी असूनही शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, ती बऱ्याचदा यांतले काहीतरी राहून गेल्यामुळे.

रक्त लागणार असेल तर रक्तपेढी नातेवाइकांना रक्तदानाची विनंती करते, आणि ती शक्य तितकी मान्य करावी. आवाराबाहेर पैसे घेऊन रक्त देणारा कुणी भेटला तर त्याला दूर ठेवावे. व्यावसायिक रक्तदानावर देशात १ जानेवारी १९९८पासून बंदी आहे.

सकाळी खाटेभोवती दहा-पंधरा विद्यार्थी उभे राहिले की रुग्ण बावरतो. त्यांना शिकवण्यासाठीच ही जागा आहे, आणि माझ्या मते विद्यार्थ्यांनी घेतलेला तपशीलवार इतिहास रुग्णाच्या फायद्याचाच ठरतो, कारण घाईत निसटलेली एखादी गोष्ट त्यात सापडते. तरीही तपासू देणे बंधनकारक नाही. विशेषतः स्त्रीरुग्णांनी संकोच वाटत असल्यास तसे सांगावे, आणि पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री कर्मचारी सोबत असावी असा आग्रह धरावा. तो त्यांचा हक्क आहे.

संशोधनाविषयी विचारणा झाली तर

एमडी किंवा एमएस करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला प्रबंध लिहावा लागतो. म्हणून एखादा जेआर फॉर्म घेऊन येईल, काही जादा प्रश्न विचारील आणि सही मागेल. यात बहुधा केवळ माहिती गोळा करायची असते, पण काही वेळा नव्या औषधाची चाचणीही असते, आणि हे दोन प्रकार वेगळे आहेत. सही करण्यापूर्वी माहितीपत्रक मराठीत मागावे, घरी नेऊन वाचायला वेळ मागावा, आणि तीन गोष्टी विचाराव्यात: नेहमीच्या उपचाराव्यतिरिक्त काय केले जाणार, त्याचा खर्च कोण करणार, आणि इजा झाली तर काय. २०१९च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्यांच्या नियमांनुसार, चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. अशा चाचणीला संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते, आणि तिची नोंद क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये कुणालाही पाहता येते. नकार दिला किंवा मध्येच बाहेर पडलात, तरी नेहमीचा उपचार थांबवता येत नाही. भीतीपोटी नकार देऊ नये आणि भिडेपोटी होकारही देऊ नये.

पैसे आणि योजना

येथे एक गैरसमज सतत आढळतो. १५ ऑगस्ट २०२३पासून राज्यात सरकारी उपचार मोफत झाले, ही बातमी खरी होती, पण ती सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरती होती, म्हणजे प्राथमिक केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, आणि मुंबईतील केईएम, नायर व सायन ही महापालिकेची आहेत. तेथे अल्प का होईना, शुल्क असते. गोव्याची गोष्ट आणखी निराळी. सिंधुदुर्गातून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जाणाऱ्यांनी बाहेरच्या रुग्णांसाठीचे शुल्क आणि योजनेची स्थिती निघण्याआधी विचारून घ्यावी.

मोठ्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून काही जिल्ह्यांत सुरू झालेली ही योजना आता आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून तिच्यात कुटुंबाला दरवर्षी ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. दाखल होताच, शक्य तर त्याच दिवशी, रुग्णालयातील आरोग्यमित्रांच्या, म्हणजे योजनेच्या मदतनिसांच्या, कक्षात जावे. आजार योजनेच्या यादीत आहे का, कोणते कागद लागतील आणि पूर्वमंजुरी केव्हा पाठवली, हे विचारावे. मंजुरी येण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नंतर भांडून पैसे मिळत नाहीत. तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून मंजुरी घेण्याची सोय आहे, म्हणून तातडी असली तरी कक्षाला कळवावेच. योजनेची मदतवाहिनी १५५३८८ आहे.

योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकांना, म्हणजे एमएसडब्ल्यूंना, भेटावे. शुल्कमाफी, न्यासांची मदत, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज, बेवारस किंवा एकट्या रुग्णाची सोय, हे सारे त्यांच्याकडून होते, आणि तरीही पुष्कळ नातेवाईक सावकाराकडे जाऊन आल्यानंतर त्यांच्यापाशी पोहोचतात. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर आधी रुग्णालयाच्या औषध भांडारात आणि जनऔषधी केंद्रात विचारावे.

बातमी वाचून रुग्णालय गाठताना

जानेवारी २०२५मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता परिसरात गिलाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा रोजच्या बातम्यांत मुख्यतः आकडे येत होते. घरच्या माणसाला आकड्यांपेक्षा लक्षणांची माहिती हवी असते: जुलाब किंवा तापानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या आणि अशक्तपणा येणे, तो वर सरकत हातांपर्यंत पोहोचणे, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास होणे. असा वाढता अशक्तपणा दिसला तर ओपीडीच्या वाराची वाट न पाहता थेट अपघात विभागात जावे, कारण श्वसनाचे स्नायू केव्हा थकतील ते सांगता येत नाही आणि इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार लवकर सुरू झालेला बरा. साथीच्या काळात पाणी आणि अन्न यांविषयीच्या सूचना महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून घ्याव्यात, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशांतून घेऊ नयेत.

दुसऱ्या प्रकारची बातमी आशेची असते: अमुक रुग्णालयात अमुक दुर्मीळ शस्त्रक्रिया यशस्वी. अशी बातमी खरी असली तरी ती एका रुग्णाची असते. ती शस्त्रक्रिया नियमित होते का, कोणत्या रुग्णांना लागू पडते आणि प्रतीक्षा किती, हे त्या विभागाच्या ओपीडीतच कळते.

घरी सोडताना

डिस्चार्ज कार्ड हातात घेतल्यावर वॉर्डातच ते वाचावे. निदान, झालेली शस्त्रक्रिया, गोळ्यांचे डोस आणि किती दिवस, टाके केव्हा काढायचे, पुन्हा कोणत्या वारी यायचे आणि कोणत्या लक्षणांसाठी लगेच यायचे, एवढे त्यात असलेच पाहिजे. शस्त्रक्रियेत गाठ काढली असेल तर तिचा बायॉप्सी अहवाल पुष्कळदा काही दिवसांनी येतो, आणि तो कुणीच न नेल्यामुळे कर्करोगाचे निदान फाइलीत पडून राहिल्याची उदाहरणे डॉक्टर सांगतात. अहवाल कुठून, केव्हा घ्यायचा ते कार्डावर लिहून घ्यावे. फुले योजनेतून उपचार झाले असतील तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधे त्यातच धरलेली असतात.

संपूर्ण इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या उपचाराच्या नोंदी, हव्या असतील तर वैद्यकीय अभिलेख विभागात लेखी अर्ज करावा आणि त्याची पोच घ्यावी. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्यायच्या असतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात, त्यामुळे अर्ज लांबवू नये. तक्रार असेल तर प्रथम इन्चार्ज सिस्टर किंवा युनिटच्या सीनिअर रेसिडेंटांशी बोलावे, मग आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी), त्यानंतर वैद्यकीय अधीक्षक आणि शेवटी अधिष्ठाता या क्रमाने लेखी तक्रार द्यावी. तीत रुग्णाचा नोंदणी क्रमांक, युनिट, वॉर्ड, तारीख आणि वेळ असावी, कारण त्यांच्याशिवाय कुणालाही कागद शोधता येत नाहीत. पुढच्या फेरीला येताना तोच जुना केसपेपर आणावा आणि खिडकीवर ‘जुना पेशंट’ असे सांगावे, नाहीतर नवा पेपर निघतो, नवे युनिट लागते आणि सारे पहिल्यापासून सांगावे लागते.